पाच टक्क्यांत बसवलेली संस्था

धाराशिव जिल्ह्यातल्या सरपंचाला बंधित आणि अबंधित निधीतला फरक शिकवावा लागत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना जे पैसे दिले, त्यातले ६० टक्के पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेले होते, ४० टक्के गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचे होते. त्याआधी, २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हा आरोग्य उपकेंद्राला वर्षाला १० हजारांचा ‘अनटाइड फंड’ मिळू लागला. नळ गळतोय, ट्यूबलाइट गेली, बाळंतिणीला तातडीने हलवायला गाडी हवी, अशा वेळी सिस्टरने तालुक्याला अर्ज पाठवून वाट बघत बसू नये, एवढाच त्यामागचा विचार. पै-पैचा हिशेब मागणाऱ्या सरकारलाही हे पटलं. त्याच गावात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेकडे येणारा पैसा मात्र अजूनही गळ्यात दावं बांधूनच येतो.

कशासाठी वापरायचा हे संस्थेने ठरवायचं, पगार आणि भाडंही त्यातून भागवता येईल, आणि अर्ध्या वाटेत परिस्थिती बदलली तर काम बदलता येईल, अशा पैशाला लवचीक अनुदान म्हणतात. जगात असा पैसा देण्याची सवय ज्या संस्थांनी लावली, त्यांत कम्युनिटी फाउंडेशन म्हणजे एखाद्या गावाचा किंवा भागाचा सामायिक निधी, हा प्रकार महत्त्वाचा आहे. १९१४ मध्ये क्लीव्हलंडमधले बँकर फ्रेडरिक गॉफ यांनी त्याची सुरुवात केली. त्यांच्या डोळ्यांसमोर जुन्या मृत्युपत्रांचा घोळ होता. देणगीदार मरून पन्नास वर्षं झाली, त्याने ज्या कामाला पैसे ठेवले ते कामच उरलं नाही, आणि पैसा मात्र अटीत अडकून पडलाय. गॉफ यांनी तोडगा काढला: अनेकांच्या देणग्या एकत्र ठेवायच्या आणि त्यांचं उत्पन्न त्या त्या काळची गरज पाहून स्थानिक समितीने वाटायचं. भारतात या धर्तीची पहिली संस्था १९९१ मध्ये मुंबईत निघाली, बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट. धाराशिवसारख्या जिल्ह्यात अशा निधीची परंपरा रुजलेली नाही. पण लवचीक आणि बांधलेल्या पैशाची तुलना करायला याच्याइतका चांगला जिल्हा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल, कारण इथे दोन्ही प्रकारचा पैसा मोठ्या प्रमाणावर येऊन गेलेला आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर झोपलेली गावं. लातूरमधलं किल्लारी आणि धाराशिवमधलं सास्तूर ही नावं त्या दिवशी जगभर गेली. भूकंपात दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे १० हजार माणसं गेली. मग मदतीचा लोंढा आला. जागतिक बँकेच्या कर्जावर राज्य सरकारने मोठा पुनर्वसन कार्यक्रम उभा केला, आणि बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. त्यातली बरीच गावं देणगीदारांनी, कंपन्यांनी, वर्तमानपत्रांच्या निधींनी ‘दत्तक’ घेतली. घर ही मोजायला सोपी वस्तू आहे. किती बांधली, किती खर्च आला, उद्घाटन कधी, सगळं एका पानावर येतं. चौकोनी आखणीच्या, रुंद रस्त्यांच्या, शहरी कॉलनीसारख्या या गावांवर पुढे अभ्यासकांनी पुष्कळ टीका केली. जनावरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, भावकी शेजारीशेजारी राहणार की लॉटरीत विखुरणार, हे प्रश्न बांधकामाच्या अंदाजपत्रकात नव्हते. पैसा कमी पडला असं त्या काळात कुणी म्हणणार नाही. तो विटांना बांधलेला होता, एवढंच.

जी गावं हलवायची नव्हती, तिथली घरं जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करायची होती. हा कार्यक्रमाचा कमी दिखाऊ भाग. त्यात घरमालकाला आपला हक्क काय, हप्ता कधी मिळणार, भिंतीत लोखंड कसं घालायचं हे समजावून सांगणारं माणूस गावात हवं होतं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला लोकसहभागाचं काम मिळालं, आणि शेकडो गावांत महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या. कामाचं वर्णनच मुळात बोलणं, विचारणं, पाठपुरावा करणं असं होतं. त्यासाठी पैसे मोजले गेले, हे त्या काळात नवलाचं होतं. घरांची दुरुस्ती संपली, पण त्या बायका संपल्या नाहीत. त्यांनी बचत गट बांधले, २००१ च्या भूकंपानंतर त्यांच्यातल्या काही जणी कच्छला जाऊन तिथल्या बायकांशी बोलल्या. दुष्काळाच्या वर्षांत त्यांनी घरच्या शेतातला एक एकर मागून घेतला आणि त्यात ऊस-सोयाबीनऐवजी कमी पाण्याच्या डाळी, भाज्या, धान्य घेतलं. या एक एकराच्या शेतीसाठी संस्थेला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. १९९३ च्या कुठल्याच अनुदानाच्या अर्जात हा एक एकर असणं शक्य नव्हतं. माणसांवर केलेल्या खर्चाचं फळ तेवीस वर्षांनी असं भलत्याच ठिकाणी दिसलं, आणि या साऱ्या प्रश्नातला माझ्या मते सगळ्यात वजनदार पुरावा हाच आहे.

याच संस्थेच्या संबंधातून एक खरोखरचा लवचीक निधी मराठवाड्यापर्यंत पोचला. हुआयरू कमिशन आणि ग्रूट्स इंटरनॅशनल या तळागाळातल्या महिला संघटनांच्या जागतिक जाळ्यांनी कम्युनिटी रेझिलियन्स फंड चालवला. त्याची पद्धत साधी होती. गावातल्या बायकांनी आधी आपल्या गावातल्या जोखमींचा नकाशा काढायचा: पाणी कुठे आटतं, कुणाचं घर पडायला झालंय, कोण दर वर्षी सावकाराकडे जातं. मग रक्कम त्यांच्या हातात, आणि काय करायचं हा निर्णयही त्यांचाच. इथे प्रस्ताव लिहिणारा माणूस मध्ये नव्हता, ही त्यातली मुख्य गोष्ट.

तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरचं हॅलो मेडिकल फाउंडेशन हेही याच वळणाचं उदाहरण. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या या संस्थेने गावातल्याच, फारसं न शिकलेल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. सरकारची आशा कार्यकर्ती यायच्या कितीतरी आधी. अशा कामाला पैसा मागायचा तर पहिलं प्रशिक्षण हा सोपा भाग असतो. त्यानंतर दर महिन्याची बैठक, औषधांची पेटी पुन्हा भरणं, लग्न होऊन गाव सोडलेल्या बाईच्या जागी दुसरी तयार करणं, हे वर्षानुवर्षं चालतं, आणि ‘यंदा नवीन काय?’ असं विचारणाऱ्या देणगीदाराला सांगण्यासारखं त्यात काही नसतं.

आता आजच्या पैशाकडे येऊ. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करावे लागतात. २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली, त्यात महाराष्ट्रातले चार होते: नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि तेव्हाचं उस्मानाबाद. तेव्हापासून सीएसआरवाल्यांच्या नकाशावर जिल्ह्याचं नाव आलं. पण हा पैसा निर्देशांकांच्या मागून येतो आणि त्याला प्रशासकीय खर्चाचा चाप असतो. नियमातली पाच टक्क्यांची मर्यादा खरं तर कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. संस्थेच्या खर्चाला ती लागू नाही; २०२१ च्या सुधारित नियमांत तर हे स्वच्छ लिहिलंय. तरीही अनेक कंपन्या तोच आकडा संस्थेच्या अंदाजपत्रकाला लावून मोकळ्या होतात, आणि छोट्या संस्थेची नियम उघडून दाखवायची छाती होत नाही.

त्या पाच टक्क्यांत काय बसतं ते बघा. समजा परंडा तालुक्यातल्या एका संस्थेला ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वर्षाला १० लाखांचा प्रकल्प मिळाला. पाच टक्के म्हणजे ५० हजार, महिन्याला ४ हजार १६६ रुपये. खोलीचं भाडं, लाइट बिल, इंटरनेट, अर्धवेळ हिशेबनीस, सीएची फी, धर्मादाय कार्यालयाच्या चकरा, आयकर सवलतीच्या १२ए आणि ८०जी नोंदणीचं ठरावीक वर्षांनी येणारं नूतनीकरण, हे सगळं त्यात. दोन शिक्षकांचं मानधन मंजूर असतं, पण त्यांचं काम बघणाऱ्या, पालकांशी आणि मुकादमाशी बोलणाऱ्या, रात्री नऊला फोन उचलणाऱ्या माणसाचा रकाना त्या तक्त्यात नाही. मग ते माणूस कुणाच्या तरी ‘प्रशिक्षक’ या रकान्यात बसवलं जातं. काही ठिकाणी कार्यकर्ते पूर्ण मानधनावर सही करतात आणि त्यातला काही भाग संस्थेला ‘देणगी’ म्हणून परत करतात. या क्षेत्रात वावरणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. बांधलेला पैसा संस्थेला प्रामाणिक ठेवतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी या सहीकडे एकदा पाहावं.

दुसरी अडचण दिनदर्शिकेची. भूम, परंडा, वाशी, कळंब या पट्ट्यातली कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन कोयत्याला जातात आणि पट्टा पडला की, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं की, फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान परततात. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. मंजुरी, करार, पहिला हप्ता होता होता पावसाळा सरतो. मुलं गावात होती तेव्हा पैसे नव्हते, आणि पैसे आले तेव्हा मुलं कर्नाटकात किंवा पश्चिम महाराष्ट्रात फडावर. मग मार्च एन्डला उपयोगिता प्रमाणपत्राची घाई. खर्चाच्या बाबी आणि तारखा हलवायची मुभा असती तर हेच दहा लाख दुप्पट उपयोगी पडले असते, असं म्हणायला कुठल्याही पाहणीची गरज नाही.

पाहण्या मात्र आहेत. ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने २०२१ मध्ये भारतातल्या ३८८ संस्थांना विचारून अहवाल काढला. ८३ टक्के संस्थांनी सांगितलं की अप्रत्यक्ष खर्च देणगीदारांकडून मिळवणं जिकिरीचं आहे. निम्म्याहून अधिक संस्थांकडे तीन महिने तग धरण्याइतकीही गंगाजळी नव्हती. त्याच वर्षी एडेलगिव्ह फाउंडेशनने १०० कोटींचा ग्रो फंड १०० छोट्या-मध्यम संस्थांसाठी जाहीर केला, पगार आणि कार्यालयीन खर्चासाठी, दोन वर्षांकरता. दसरा या संस्थेने रीबिल्ड इंडिया फंड सुरू केला, तोही लवचीक. अमेरिकेत मॅकेन्झी स्कॉट यांनी कुठल्याही अटीविना दिलेल्या प्रचंड देणग्यांवर सेंटर फॉर इफेक्टिव्ह फिलान्थ्रॉपीने सलग काही वर्षं अभ्यास केला. पैसा मिळालेल्या संस्था भरकटल्या नाहीत, उलट सावरल्या, असा त्याचा सूर आहे. पण हे सगळे निधी आधीच नाव झालेल्या किंवा इंग्रजीत अर्ज लिहू शकणाऱ्या संस्थांपर्यंत सहज पोचतात. लोहाऱ्यातल्या संस्थेला ग्रो फंडचं नाव कळेपर्यंत मुदत संपलेली असते. सामाजिक संस्थांना शेअर बाजारातून निधी उभारू देणाऱ्या सोशल स्टॉक एक्स्चेंजबद्दल तर बोलायलाच नको. तिथली किमान उभारणी कमी करून ५० लाखांवर आणली, तरी ती इथल्या कित्येक संस्थांच्या अनेक वर्षांच्या खर्चाइतकी आहे.

पूर्वी मोठ्या संस्था मध्यस्थ म्हणून परदेशी पैसा छोट्या गटांपर्यंत पोचवायच्या. मराठवाड्यातल्या कितीतरी संघटना ऐंशी-नव्वदच्या दशकांत अशाच पैशावर, तीन-तीन, पाच-पाच वर्षांच्या भरवशावर उभ्या राहिल्या. सप्टेंबर २०२० मध्ये विदेशी देणगी नियमन कायद्यात बदल झाला आणि एका संस्थेने दुसरीला परदेशी पैसा देणंच बंद झालं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आणि खातं दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेतच उघडायचं ठरलं. कायद्याच्या हेतूबद्दल मतं वेगळी असू शकतात. ग्रामीण संस्थेपुरता त्याचा परिणाम एकच झाला: लवचीक पैशाचा सगळ्यात जुना झरा आटला.

मग उरतो आपला, मराठी समाजाचा पैसा. इथे चित्र वाटतं त्यापेक्षा बरं आहे. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी १९७८ मध्ये महाराष्ट्र फाउंडेशन स्थापन केलं. लोकांना ते साहित्य आणि समाजकार्याच्या पुरस्कारांमुळे माहीत असतं, पण संस्थांना मदत हा त्यांचा मूळ उद्योग. ‘लोकसत्ता’ने २०११ पासून गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम चालवला. दर वर्षी काही संस्थांची ओळख करून द्यायची आणि वाचकांनी संस्थेच्या नावाने चेक पाठवायचे. वाचक चेकसोबत लॉगफ्रेम, म्हणजे उद्दिष्टांचा आणि निष्पत्तीचा तक्ता, मागत नाही. पुण्यात पितृपक्षात भरणारं ‘देणे समाजाचे’ प्रदर्शनही त्याच जातीचं; दूरच्या गावातला कार्यकर्ता टेबलामागे उभा असतो आणि देणारा त्याच्याशी बोलून पैसे देतो. मुंबईचा केअरिंग फ्रेंड्स हा मित्रांचा गट स्वतः गावात जाऊन माणूस पारखतो आणि मग त्याच्या पाठीशी उभा राहतो. २०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांच्या ‘नाम’कडे मराठी माणसाने ज्या वेगाने पैसे पाठवले, तो वेग कुठल्याही कम्युनिटी फाउंडेशनला हेवा वाटावा असा होता. या सगळ्यांची मर्यादा एकच. निर्णय पुण्यात, मुंबईत किंवा न्यू जर्सीत होतो, आणि निवड ओळखीवर किंवा गोष्टीच्या करुणपणावर ठरते. ज्याला गोष्ट सांगता येत नाही तो मागे राहतो.

जिल्ह्याच्या आत पैसा नाही असं नाही. हरिनाम सप्ताह, जत्रा, मंदिराचा कळस यांना वर्गणी झपाट्याने जमते. ‘उमेद’ या सरकारी अभियानातल्या बचत गटांकडे फिरता निधी असतो, त्यांच्या ग्रामसंघांकडे जोखीम प्रवणता निधी असतो. दवाखाना, धान्य, अंत्यविधी अशा वेळी बायका आपसात बसून तो कुणाला द्यायचा हे ठरवतात. निर्णयाची ही सवय फार मोलाची आहे. कर सवलतीचं आमिष मात्र इथे चालत नाही. ज्याचं उत्पन्न शेतीचं, त्याला आयकरच नाही, मग ८०जीची पावती घेऊन तो करणार काय? नोकरदार, व्यापारी, डॉक्टर आणि पुण्यात स्थायिक झालेली लातूर-धाराशिवची पोरं, एवढ्यांपुरतीच ती कामाची.

स्थानिक निधीचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. मराठवाड्यात गायरान जमिनींचा लढा अनेक वर्षांचा आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा. कसणाऱ्यांच्या नावावर सातबारा चढवण्यासाठी ॲड. एकनाथ आवाड यांच्यासारख्यांनी हयात घालवली. या कामाला गावातल्या प्रतिष्ठितांनी वर्गणी दिली असती का? एकल महिलांच्या संघटनेला, जात पंचायतीविरुद्ध उभ्या राहणाऱ्या पोरीला? अशा कामाला बाहेरचा पैसा लागला, कारण बाहेरचा माणूस गावच्या भावकीत नव्हता. कोरोसारख्या मुंबईच्या संस्थेने मराठवाड्यातल्या कार्यकर्त्यांना थेट फेलोशिप दिल्या, त्याचं महत्त्व इथे आहे. जिल्ह्याचा निधी कारखानदार आणि शिक्षणसम्राट यांच्या हाती गेला, तर तो कितीही लवचीक असला तरी त्याची लवचीकता एकाच दिशेला वाकेल.

देणाऱ्यांची भीतीही पोकळ नाही. अध्यक्ष नवरा, सचिव बायको, खजिनदार मेहुणा, अशा कागदी संस्था प्रत्येक तालुक्यात आहेत. विश्वस्त बदलल्याचे अर्ज धर्मादाय कार्यालयात वर्षानुवर्षं पडून असतात, त्यामुळे कोण खरा विश्वस्त हेच कधी कधी कळत नाही. पण बांधलेल्या अनुदानाने या संस्था रोखल्या गेल्या का? पावत्या जुळवण्यात त्याच सगळ्यात तरबेज. खऱ्या आणि कागदी संस्थेतला फरक पावत्यांत दिसत नाही, तो गावात विचारल्यावर दिसतो, आणि गावात विचारणं जवळ राहणाऱ्यालाच परवडतं. जिल्हा पातळीच्या निधीचा सगळ्यात भक्कम युक्तिवाद मला हा वाटतो.

असा निधी कसा दिसेल? अमेरिकेत नेब्रास्का कम्युनिटी फाउंडेशन १९९३ मध्येच सुरू झालं. विरळ वस्तीच्या, शेतीवर जगणाऱ्या त्या राज्यात छोट्या गावांनी आपापले निधी एका छत्राखाली ठेवले. कागदपत्रं, ऑडिट छत्राकडे, निर्णय गावाकडे. धाराशिवच्या आठ तालुक्यांना ही रचना सोसवेल. दोन कोटींचा गाभा जमला आणि सात टक्के व्याज मिळालं तर वर्षाला १४ लाख. एक-एक लाख चौदा संस्थांना. रक्कम मोठी नाही, पण त्या लाखावर ‘भाडं आणि पगाराला चालेल’ असं लिहिलेलं असेल. कायद्याची एक खोच आहे. ट्रस्टने उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्या वर्षात कामाला लावायची असते. पण २०२३ च्या वित्त कायद्यानंतर दुसऱ्या ट्रस्टला दिलेल्या १०० रुपयांतले ८५च त्यात धरले जाऊ लागले. म्हणजे वाटप करणाऱ्या निधीला आपला गाभा वाढवायला मागे काही ठेवता येत नाही, त्याला सतत नव्या देणग्या आणाव्या लागतात. संस्थांना पैसे देणाऱ्यालाच ही शिक्षा का, याचं समाधानकारक उत्तर मला कुठे सापडलेलं नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्याकडे अतिवृष्टी झाली, दुष्काळाची सवय असलेल्या पट्ट्यात माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली, शेतं खरवडून गेली. अशा वेळी धान्याचे किट आणि ब्लँकेट यांचे ट्रक येतात आणि ते यायलाच हवेत. पंचनाम्यात नाव सुटलेल्या विधवेला तहसीलला घेऊन जाणं, बांध पुन्हा घालायला माणसं जमवणं, रब्बीपर्यंत कुणी सावकाराच्या दारात जाणार नाही हे बघणं, यासाठी किट कामाचं नसतं. तिथे गावात आधीपासून असलेला, पगार चालू असलेला माणूस लागतो. तेवढ्यासाठी तरी हा निधी पूर येऊन गेल्यावर जमवायचा नसतो. त्याच्या पहिल्या समितीत कोण बसणार, बायका किती, भूमिहीनांचं कोण, कारखान्याचं कुणी असावं की नसावं, यावर बहुधा पहिली दोन वर्षं भांडणातच जातील. जाऊ द्यावीत.